माडीवरची माणसं खाली आली

जत्रेतल्या कुस्त्या आपण पाहिल्या आहेत. हलगी वाजते. दोन गडी मातीत उतरतात. एकाची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली.

अमेरिकेत कुस्तीचा एक निराळा प्रकार आहे. तिथे माती नसते. उंच चौथरा असतो, त्याला चार बाजूंनी दोर असतात. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. आपण म्हणू, ही तर नूरा कुस्ती! आणि उठून जाऊ. पण तिथले लोक ती नाटकासारखी पाहतात. एक पैलवान सज्जन होतो, दुसरा दुष्ट होतो. दुष्टाला शिव्या घालायला गर्दी लोटते. मार मात्र बराचसा खरा बसतो, बरं का.

स्पुटनिक मन्रो हा असाच एक दुष्ट पैलवान. जन्म १९२८ चा, कॅन्सस राज्यातला. काळ्या केसांत एक पांढरी बट. चालणं छाती काढून.

त्याच्या नावाची गोष्ट अशी सांगतात. १९५७ साली रशियाने स्पुटनिक नावाचा उपग्रह आकाशात सोडला. अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. त्याच सुमारास मन्रो कुस्तीसाठी मोबील गावी चालला होता. गाडी चालवून दमला, म्हणून वाटेत एका काळ्या माणसाला सोबत घेतलं. गावात उतरल्यावर त्याच्या खांद्यावर हात टाकला. ते पाहून एक गोरी म्हातारी भडकली. तिने शिव्यांची लाखोली वाहिली आणि शेवटी म्हणाली, हा तर स्पुटनिक! शत्रूच्या देशाची वस्तू, म्हणून ती शिवीच. याने तीच शिवी नाव म्हणून लावून घेतली.

म्हातारी एवढी का चिडली? त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्यांच्या शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. शिवाशिव म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

मग मन्रो मेंफिस शहरात आला. मिसिसिपी नदीकाठचं हे शहर कापसाच्या व्यापाराचं. तिथे एलिस सभागृहात कुस्त्या होत. गोरे खाली बसत. काळ्यांना वर माडीवर थोडी जागा. मन्रो काळ्यांच्या वस्तीत जाई, बील स्ट्रीटवर त्यांच्यात बसे, गप्पा मारी, त्यांना कुस्तीला बोलावी. पोलिसांनी त्याला पकडलं. कोर्टात त्याने काळा वकील दिला. दंड भरला आणि पुन्हा तिथेच गेला.

आता काळे लोक या दुष्टाचा जयजयकार करायला येऊ लागले. माडी भरली, बाहेर रांग लागली. माडीवरची माणसं मोजणाऱ्याला मन्रोने पैसे चारले आणि आकडा कमी सांगायला लावला, असं तो स्वतःच पुढे सांगे. हे बरं नव्हे, असं कोणी म्हणेल. म्हणो बापडा! माडीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा मन्रो मालकाला म्हणाला, ही माणसं खाली बसतील, नाहीतर मी कुस्ती करणार नाही. मालकाने हिशेब केला. बाहेरचा माणूस परत गेला, तर तिकिटाचे पैसेही जातात. माणसं खाली आली, गोऱ्यांच्या शेजारी बसली. मालकाने ते केलं पैशापायी, हे खरं. पण असा भेद बंद करणारा कायदा देशात १९६४ साली झाला. इथे तो त्याआधीच सुटला होता.

याच मेंफिसमध्ये १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घालून मारलं. ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला आले होते.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी मन्रोने नॉरव्हेल ऑस्टिन या तरुण काळ्या पैलवानाला जोडीदार केलं. जोडीच्या कुस्तीत दोन्हीकडे दोन-दोन गडी असतात. एक आत लढतो, दुसरा दोराबाहेर थांबतो. आतला दमला की बाहेरच्याच्या हाताला हात लावतो. हात लागल्याशिवाय बाहेरच्याला आत येता येत नाही. हजारो लोकांसमोर गोऱ्याचा हात काळ्याला लागे, काळ्याचा गोऱ्याला. ऑस्टिननेही केसांत तशीच बट रंगवून घेतली होती.

मन्रो २००६ साली वारला. मेंफिसमध्ये एक संगीताचं संग्रहालय आहे. तिथे मोठमोठ्या गाणाऱ्यांच्या वस्तू आहेत. त्यांच्यातच या पैलवानाचे कुस्तीचे कपडेही ठेवले आहेत.