उतारशाळेचा रक्षक

वाचनभाग : लूक १०:२५-३७, १ राजे १९:१-८, मार्क ६:३०-३२

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या शब्बाथशाळांतून दरवर्षी शिकविला जातो. याजक, लेवी, शोमरोनी, रस्त्यात पडलेला तो जखमी मनुष्य, हे सर्व मुलांना तोंडपाठ असतात. परंतु या दाखल्यात आणखी एक मनुष्य आहे, आणि त्याच्याविषयी आम्ही क्वचितच बोलतो. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोन्याने पहिली रात्र स्वतः शुश्रूषा केली, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. त्यानंतर जखमा कोणी धुतल्या? पट्ट्या कोणी बदलल्या? मध्यरात्री कण्हणे ऐकून कोण उठले? शास्त्र त्याचे नाव सांगत नाही.

२०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविडची महामारी आली तेव्हा आपल्या देशात असे लाखो रक्षक होते. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, आणि घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्या वर्षी दोनशे वर्षे पुरी होत होती. तो सन्मान कसल्या प्रसंगी त्यांच्या वाट्याला यावा! जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,५०० आरोग्यसेवक या रोगाने मरण पावले असावेत, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

आपल्या मंडळ्यांतून परिचारिका काही थोड्या नाहीत. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उभारले त्या काळापासून मराठी ख्रिस्ती घरांतील मुली या सेवेत जात आल्या आहेत. म्हणून त्या दिवसांत वॉर्डात काय चालले होते ते आम्हांला वर्तमानपत्रापेक्षा घरातूनच अधिक कळत होते. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो बंद पोशाख एकदा अंगावर चढविला की पाळी संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही, लघवीला जाणे नाही. चष्म्यावर वाफ धरे, शीर सापडेनाशी होई. रुग्णाला तर समोर कोण आहे तेही कळत नसे. म्हणून कित्येकींनी छातीवर आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहिले. नातेवाइकांना आत येण्यास मनाई. तेव्हा मरणाऱ्याच्या कानाशी फोन धरून घरच्यांचा शेवटचा शब्द त्याला ऐकविणे, हेही परिचारिकेचेच काम होऊन बसले. हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकविलेले नव्हते.

आणि बाहेर काय होते? २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या व थाळ्या वाजल्या. त्याच सुमारास ठिकठिकाणी घरमालक डॉक्टरांना व परिचारिकांना खोल्या खाली करण्यास सांगत होते. १ एप्रिल रोजी इंदुरात टाटपट्टी बाखल भागात तपासणीस गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. दोघी डॉक्टर भगिनींना दुखापत झाली, पण त्या पुन्हा कामावर हजर झाल्या. पुढे त्या वस्तीतील लोकांनी वर्तमानपत्रातून क्षमाही मागितली. भीती माणसाला काय करावयास लावते आणि ती ओसरल्यावर माणूस कसा ओशाळतो, दोन्ही गोष्टी इथे दिसतात.

त्याच महिन्यात चेन्नईत याहून दुःखद प्रकार घडला. रुग्णांची सेवा करता करता मरण पावलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टरांच्या दफनाला जमावाने विरोध केला. रुग्णवाहिकेवर दगड आले, चालक जखमी झाले. तेव्हा त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी रात्री रुग्णवाहिका स्वतः चालवीत दुसऱ्या दफनभूमीत नेली आणि हातात फावडे घेऊन आपल्या मित्राला माती दिली. अरिमथाईकर योसेफाने धैर्य धरून प्रभूचे शरीर मागितले, हा भाग आम्ही उत्तम शुक्रवारी वाचतो. यापुढे तो वाचताना हे फावडे आठवल्याशिवाय राहणार नाही.

येथे एक जुना प्रश्न उभा राहतो. महामारीत ख्रिस्ती मनुष्याने पळावे की राहावे? १५२७ मध्ये विटेनबर्ग शहरात प्लेग आला तेव्हा ब्रेस्लाव येथील पाळकांनी मार्टिन ल्यूथर यांना हेच विचारले होते. राजाने विद्यापीठ येना येथे हलविले व ल्यूथरनाही तेथे जाण्यास सांगितले, पण ते राहिले आणि त्यांच्या घराचेच रुग्णालय झाले. तरीही त्यांच्या उत्तरात फुशारकी नाही. ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी आहे, म्हणजे पाळक, अधिकारी, वैद्य, त्याने जागा सोडू नये. मात्र काम करणारे पुरेसे असतील तर ज्याची गरज नाही त्याने जाण्यात पाप नाही. औषध न घेता, काळजी न घेता विश्वासाच्या नावाखाली रोगात शिरणाऱ्यांना तर त्यांनी देवाची परीक्षा पाहणारे ठरविले. मुखपट्टी व लस यांविषयी आपल्याकडे काहींनी जे बोलून दाखविले ते ध्यानात घेता, हे पाचशे वर्षांपूर्वीचे पत्र शिक्षकांनी वर्गात अवश्य समजावून सांगावे.

पण राहणाऱ्यांचे ऋण कोणी फेडावे? दाखल्याकडे पुन्हा पाहा. शोमरोन्याने रक्षकाला दोन दीनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना भरून देईन असे कबूल केले. ‘तू पुण्य कर’ असे म्हणून तो निघून गेला नाही. आम्हांला वाटते, या दोन दीनारांवर आपल्या व्यासपीठांवरून फार कमी उपदेश झाले आहेत. आशा कार्यकर्त्यांना नियमित पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. कोविडच्या कामासाठी त्यांना महिन्याला १,००० रुपये जादा ठरले. कर्नाटकात जुलै २०२० मध्ये त्यांनी दरमहा १२,००० रुपये निश्चित मानधन मागत काम थांबविले, महाराष्ट्रात जून २०२१ मध्ये संप झाला. ‘सेवा करणाऱ्यांनी पैसे मागावेत का?’ असे म्हणणारे मंडळीतही भेटले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या भगिनींचा गौरव केला, तो योग्यच. पण गौरवाने शाळेची फी भरत नाही. आपण परिचारिकेला देवदूत म्हणतो. देवदूताला भूक लागत नाही, घरभाडे द्यावे लागत नाही, म्हणून कदाचित हा शब्द आपल्याला सोयीचा पडतो.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाच्या दूताने प्रथम उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेबाचा प्रश्न पुष्कळ नंतर आला. प्रभूनेही जेवायला सवड न मिळालेल्या शिष्यांना एकांती नेऊन विसावा देऊ केला. २०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायू अपुरा पडला. एक खाट आणि चार रुग्ण अशा वेळी तेथे उभ्या असलेल्या कित्येकींना आजही ते चेहरे दिसतात. त्या बोलत नाहीत. त्यांना ‘विश्वास ठेवा’ असे सांगण्याची घाई पाळकांनी करू नये. स्तोत्रसंहितेत आक्रोशाची स्तोत्रे आहेत, ती त्यांच्याबरोबर बसून वाचावीत, आणि बोलल्या तर ऐकावे.

वर्गासाठी प्रश्न :

शोमरोनी निघून गेल्यावर उतारशाळेत काय घडले असेल, हे मुलांना चित्रातून दाखविण्यास सांगा. त्या चित्रांत रक्षकाचे जेवण कोणी आणले?

आपल्या मंडळीतील कोणाची रविवारी पाळी असते? त्यांना प्रभुभोजन केव्हा मिळते, आणि रात्रपाळीला जाताना त्यांची मुले कोण सांभाळते?