शेतीच्या चित्रफितींची पारख

लातूर व नांदेड जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक होय. पेरणी जवळ आली की ‘एकरी विक्रमी उत्पन्न’ अशा मथळ्यांच्या चित्रफिती मोबाईलवर येऊ लागतात. यूट्यूबची यंत्रणा लोक काय उघडतात व किती वेळ पाहतात, यांस महत्त्व देते. सल्ला आपल्या जमिनीस मानवेल की नाही, हे तिला ठाऊक नसते. यास्तव पारख आपणच करावी.

(१) सांगणारा वाण, जमीन, पाऊस, पेरणीची तारीख व खर्च सांगतो काय, ते पाहावे. केवळ औषधाचे नाव व विक्रेत्याचा पत्ता मिळत असेल, तर ती जाहिरात समजावी.

(२) पडताळता येणारा सल्ला श्रेष्ठ. उदाहरणार्थ, ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून ७० वा अधिक उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य.

(३) परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या शिफारशींशी सल्ला ताडून पाहावा.

(४) उत्तम चित्रफीत शेवटपर्यंत पाहावी व गावच्या गटात पाठवावी. आपण जे पाहतो, तसेच पुढे समोर येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पारख पेरणीपूर्वीच्या सभेत समजावून द्यावी. फसव्या मथळ्यापायी दुबार पेरणीचा खर्च कोणावरही येऊ नये.