लॅपटॉप सुरू न झाल्यास : दोषशोधनाची क्रमवार रीत

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) दाखल झाले. ती कागदी नोंद आजही जपलेली आहे. आपल्या मुलांच्या जातवैधता प्रमाणपत्रांच्या प्रती व शिष्यवृत्तीचे अर्ज मात्र लॅपटॉपमध्ये असतात. तो बंद पडला म्हणजे सारे गेले, असे मानू नये.

कळ दाबताच प्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील चिपमधला मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोस. यंत्र तपासून मगच तो विंडोजकडे सूत्रे सोपवतो. म्हणून विंडोज बिघडली तरी बायोस उघडतो. तोही उघडत नसेल, तर दोष बहुधा यंत्रभागात असतो.

१. दिवाच लागत नसल्यास सॉकेट व चार्जर तपासावा. चार्जर काढून पॉवरची कळ तीस सेकंद दाबून धरावी व पुन्हा प्रयत्न करावा.
२. पंखा फिरतो, पण पडदा काळा असल्यास बाहेरचा मॉनिटर जोडावा. त्यावर चित्र आल्यास दोष पडद्याकडचा. न आल्यास जाणकाराकडून रॅम काढून पुन्हा बसवून घ्यावी.
३. बायोससाठी सुरू करताच एफ२ (एचपीवर एफ१०) वारंवार दाबावे. पेनड्राइव्हसारखी जोडलेली साधने आधी काढावीत.
४. तरीही न उघडल्यास डिस्क काढून पाहावे. आता बायोस उघडला, तर संशय डिस्कवर.

डिस्क शाबूत असल्यास ती दुसऱ्या संगणकाला जोडून कागदपत्रे मिळवता येतात. बिटलॉकर असल्यास रिकव्हरी की लागते. ती वहीत लिहून ठेवावी. सांगलीतील २०१९ सारख्या महापुरात भिजलेला लॅपटॉप तर सुरू करूनच पाहू नये. आणि दुरुस्तीस देताना, कागदपत्रांची प्रत निघाल्याखेरीज फॉरमॅट करू नये, असे स्पष्ट सांगावे.