गटानं लाव, नावानं नको

पोरी, स्कॅनिंगला बसण्याआधी ट्रंकेतले जमिनीचे कागद नुसते गट नंबरवार लाव. फायलींची नावं नंतर. आणि 'जमीन नवीन', 'फायनल', 'फायनल 2' असली नावं तर नकोच. दोन महिन्यांनी तुझं तुलाच उमगायचं नाही कोणती फायनल कशाची.

कागदाच्या प्रकाराचा कोड डोक्यातून काढत बसू नकोस, तलाठ्याच्या दप्तरात तो तयार आहे. गाव नमुना सात नि बारा मिळून सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, सहा म्हणजे फेरफार, सहा-क वारसाची नोंद. घरातल्या जुन्या माणसांना हे आकडे पाठ असतात, तेच घे. तलाठ्याकडचे नसतील त्या कागदांना एकेक अक्षर पुरे: ख खरेदीखत, म मोजणीचा नकाशा, न नोटीस. एमआयडीसीची भूसंपादनाची कलम 32 (2) ची नोटीसही न मध्येच.

आता क्रम. यंत्र नाव डावीकडून वाचतं, म्हणून आपण ज्यानं शोधतो ते आधी: गाव, गट, हिस्सा, नमुना, मग तारीख. समजा गट 214 चा 1987 सालचा फेरफार आहे. नाव होईल 'नउ-0214-00-06-1987-03-11'. आपल्या नवलाख उंबरे गावाला 'नउ' एवढंच, कारण कुणी उंबरे लिहितं, कुणी उंब्रे. आणि ते हवंच. 214 गट इंदोरीलाही असू शकतो. गटाला चार घरं ठेव, रिकामी शून्यानं भर. नाहीतर एखाद्या यंत्रात 9 च्या आधी 10 आणि 112 येऊन बसतात. वर्ष पुढे, दिवस मागे, म्हणजे कागद आपोआप काळाच्या ओळीत लागतात. आकडे एकाच लिपीतले ठेव.

ते मधलं 00 बिनकामाचं वाटेल. ते हिश्श्यासाठी राखून ठेवलंय. उद्या पोटहिस्से पडले की 214/1, 214/2 होतील. फायलीच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, तिथे 01, 02 घाल. जुने कागद मात्र 00 वरच राहू देत. दिलेला कोड बदलायचा नाही, रद्द झालेला पुन्हा वापरायचा नाही.

मालकाचं नाव कोडात कधीही नको. वारस लागतात, हक्कसोड होते, नाव बदलतं. गट तिथेच असतो. एकत्रीकरणाआधीच्या कागदांवर सर्वे नंबर असेल, तर एकत्रीकरणाच्या जबाबावरून आजचा गट काढ आणि जुना नंबर नोंदवहीत लिही. सगळं कोडात कोंबायचं नसतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधलेले असतात आणि रुमालाला नंबर; नंबर फक्त जागा सांगतो. आपल्या कामशेतच्या रियासतकार सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्यातले निवडक कागद 45 भागांत छापून काढले, तेव्हा आत काय आहे ते लोकांना घरबसल्या वाचता आलं.

तर नोंदवही हवीच. दोनशे पानी साधी वही घे. पहिल्या पानावर अक्षरांची किल्ली, पुढे ओळीनं कोड, कागद कशाचा, मूळ प्रत कुठे. मूळ कागदाच्या मागे कोपऱ्यात तोच कोड पेन्सिलनं टाक, शाई नको. वही कपाटात नको, ट्रंकेतच ठेव. आणि वीजबिलं यात आणू नकोस, त्यांची पिशवी वेगळी.