आधी टीएसएच कुठंय ते विचारा

माझ्या लेकीच्या पिट्यूटरीत गाठ आहे, असं पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात सांगितलं आणि नाकातून ऑपरेशन करायची तारीखही देऊन टाकली. गाठ नव्हतीच.

डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला होता. ग्रंथी फुगून वर डोळ्यांच्या नसांना टेकलेली, प्रोलॅक्टिनही थोडं चढलेलं. झालं, त्यांचं ठरलं! मी जीव तोडून सांगत होते: पोरीची उंची खुंटलीय, एप्रिलच्या उकाड्यातही पांघरूण घेते, पोट साफ होत नाही, केस मुठीनं हातात येतात. सर्जननं फिल्मवरून नजरही काढली नाही. "आई, गूगल वाचून येत जाऊ नका." मी गूगल वाचलेलं नव्हतं. मी तिची रोज वेणी घालत होते.

दुसरं मत घ्यायला ज्या हार्मोनतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "टीएसएच कुठंय?" एवढी जाडजूड फाइल, पण थायरॉईडच्या त्या तपासणीचा कागदच नाही. तपासला तर शंभरच्या वर! म्हणजे थायरॉईड पार थकलेला.

थायरॉईड थकला की मेंदूतला हायपोथॅलॅमस टीआरएच हे हार्मोन जास्त सोडतो. त्याच्या सततच्या तगाद्यानं पिट्यूटरीतल्या टीएसएच बनवणाऱ्या पेशी वाढतात, ग्रंथी फुगते. तोच टीआरएच प्रोलॅक्टिनही चढवतो. निएप्स नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं हे फुगणं १८५१ मध्येच नोंदवलंय. खऱ्या गाठीत पेशीच बिघडलेली असते. उदाहरणार्थ, अ‍ॅक्रोमेगॅलीत ग्रोथ हार्मोन बनवणाऱ्या साधारण ४० टक्के गाठींत एका जनुकातल्या बदलामुळे, वरून हुकूम नसतानाही पेशीला वाढीचा संदेश मिळत राहतो. अशी गाठ थायरॉक्सिनच्या गोळीनं विरघळत नाही. माझ्या लेकीची सूज थायरॉक्सिननं उतरली, पुढच्या एमआरआयमध्ये ग्रंथी जागेवर.

म्हणून सांगते. चाकूला हो म्हणण्याआधी टीएसएच आणि फ्री टीफोर, दोन्ही करा. बिघाड पिट्यूटरीतच असेल तर एकटा टीएसएच नॉर्मल दिसू शकतो. सकाळचं कॉर्टिसॉलही करा, ते कमी असताना थायरॉक्सिन सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं. प्रोलॅक्टिन थोडंच वाढलं असेल तर पित्ताच्या गोळीत डोमपेरिडोन आहे का बघा. प्रोलॅक्टिनची खरी गाठ असली, तरी बहुतेक वेळा आधी कॅबरगोलिनची गोळी देतात. मात्र बाजूचं दिसेनासं झालं तर एक दिवसही थांबू नका. बाकी धीर धरा, कागद जपा.

दोन्ही एमआरआयच्या प्रती मी त्या रुग्णालयाला पाठवल्या. उत्तर नाही. ऑपरेशनसाठी भरलेली आगाऊ रक्कम तेवढी परत आली, तीही 'प्रशासकीय शुल्क' कापून.