चित्रांतील वाट

पुण्यांतील शनिवार पेठेच्या शनिवारवाड्यांत भिंतींवर रामायण-महाभारतांतील प्रसंग रंगविलेले होते. सन १८२८ च्या आगींत वाडा जळाला, चित्रें गेलीं. दोन्ही कथांत वनवासाची वाट आहे. पण चौदा काय किंवा तेरा काय, चालण्याचीं वर्षें चिताऱ्यास रंगवितां येत नाहींत. म्हणून तो मुकुटाच्या जागीं जटा दाखवितो, रेशमी वस्त्राच्या जागीं वल्कल. निरक्षर मनुष्यासही प्रवाशाचा पालट एका दृष्टींत कळतो. पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र धरून कथा सांगतात. आम्ही मात्र चित्र दाखविण्यापूर्वींच अर्थ सांगून टाकीत असूं. एकदां गंगातीरीं उभ्या वनवासी रामाचें चित्र धरून आम्ही उगे राहिलों. एक म्हातारी बोलली, "राजाचा ल्योक, आन् नावाड्याला हात जोडतोय!"