हौस, पगार आणि वाफेचं इंजिन

इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यापासून माझे बरेचसे शनिवार-रविवार जतन केलेल्या एका वाफेच्या रेल्वेवर जातात. सुरुवातीला इंजिनं पुसली, मग फायरमन झालो, आणि आता स्वयंसेवकांचं रोस्टर लावण्याचं काम माझ्याकडे आहे. माझे वडील भुसावळच्या लोकोशेडमध्ये नोकरीला होते. त्यांच्यासाठी वाफेचं इंजिन म्हणजे ड्युटी होती, घर चालवण्याचं साधन होतं. इथे तेच कोळशाचं, राखेचं, तेलाचं काम माणसं रजा टाकून आणि पदरचे पैसे खर्चून करतात. त्याच शेडमध्ये महिन्याचा पगार घेणारीही माणसं असतात.

जुन्या रेल्वे जतन करण्याच्या या चळवळीचा उगम वेल्समधल्या टालिथ्लिन रेल्वेत आहे. स्लेटच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात बांधलेला हा अरुंद रुळांचा मार्ग. मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारले आणि तो बंद पडायच्या बेतात आला. लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला सभा घेतली, संस्था उभी केली, आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांच्या बळावर गाडी सुटली. जगातली ही अशी पहिली रेल्वे. पाठोपाठ १९६० मध्ये ससेक्समधली ब्लूबेल, १९६८ मध्ये यॉर्कशायरमधली कीथली अँड वर्थ व्हॅली, १९७० मध्ये सेव्हर्न व्हॅली सुरू झाली. आज ब्रिटनमध्ये अशा रेल्वे शंभराहून जास्त आहेत. त्यांतल्या मोठ्या रेल्वे केवळ हौशी माणसांवर चालत नाहीत आणि केवळ पगारी माणसांवरही चालत नाहीत. दोघांचा मेळ बसवताना जे शिकलो ते इथे मांडतो आहे.

१. नियम पगारपत्रक बघत नाही

ब्रिटनमध्ये रेल्वे सुरक्षेचे २००६ चे नियम आहेत. गाडी चालवणं, सिग्नल पाडणं, गार्डाचं काम अशा सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या कामांसाठी माणूस त्या कामाला लायक आणि तंदुरुस्त असला पाहिजे, असं ते सांगतात. त्याला पगार मिळतो की नाही, याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. आमच्यासारख्या बहुतेक रेल्वेवर वेगमर्यादा ताशी २५ मैलांची आहे. पण पंचवीस मैलांनी जाणारी गाडीही माणसाचा जीव घेऊ शकते.

एका उन्हाळी शनिवारी गाडीला उशीर झाला होता आणि फलाटावर खच्चून गर्दी होती. गार्ड होत्या एक निवृत्त शिक्षिका, अर्थातच स्वयंसेवक. फलाटावरचे पगारी पर्यवेक्षक घड्याळ बघत त्यांना खुणा करत होते. बाईंनी झेंडा काखेत धरला आणि शेवटच्या डब्यापासून एकेक दार हाताने ओढून बघत पुढे आल्या. जुन्या डब्यांच्या दारांना दोन खाचा असतात. एका दाराची कडी पहिल्याच खाचेत अडकली होती. लांबून बघणाऱ्याला ते दार बंदच वाटलं असतं. त्यांनी ते उघडून पुन्हा आपटलं, ओढून खात्री केली, आणि मगच हिरवा झेंडा दाखवला. पर्यवेक्षकांनी नंतर सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. ज्याच्याकडे गार्डाचं काम, त्याचाच गाडीवर शब्द. ही शिस्त मुरली की पगारी-बिनपगारी हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

२. जे काम चुकून चालत नाही, तिथे पगार हवा

कुठली कामं पगारावर द्यायची यावर दर रेल्वेत वाद होतात. मी एक कसोटी लावतो: मंगळवारी पाऊस पडतोय, कुणालाही घरातून निघावंसं वाटत नाहीये, तरी हे काम झालंच पाहिजे का? उत्तर ‘हो’ असेल तर तिथे पगारी माणूस नेमावा. रुळांची पाहणी, हिशेब, आरक्षण, बॉयलरची दुरुस्ती ही अशी कामं आहेत. साधारण दहा वर्षांनी इंजिन पूर्ण उघडून बॉयलरच्या नळ्या काढाव्या लागतात, पत्रा तपासावा लागतो. असं काम फक्त रविवार-रविवार करत बसलं तर इंजिन वर्षानुवर्षं शेडमध्येच पडून राहतं.

पण सगळ्यांना एकच माप लागू पडत नाही. नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे पिकरिंग ते ग्रोमाँट अठरा मैलांची आहे आणि मोसमात भरपूर गाड्या चालवते. तिला पगारी माणसांची मोठी फौज लागते. कीथली अँड वर्थ व्हॅली जेमतेम पाच मैलांची, ती मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते. वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेच्या बॉस्टन लॉज कारखान्यात आजही नवी वाफेची इंजिनं घडतात. तिथे कसबी कारागीर रोजच लागतात. शेजारच्या रेल्वेने पगारी व्यवस्थापक नेमला म्हणून आपणही नेमावा, हे काही कारण होऊ शकत नाही.

३. गोड आणि कडू काम दोघांना सारखं मिळावं

रविवारी सूर्य वर आलेला, प्रवासी हात हलवतायत, अशा वेळी इंजिनावर उभं राहायला सगळेच तयार असतात. संध्याकाळी गाडी शेडला लागली की खरं काम सुरू होतं. आग खाली पाडायची, राखेचं भांडं रिकामं करायचं, इंजिनाच्या पुढच्या पेटीत साठलेली काजळी फावड्याने ओढायची. गरम राख नाकातोंडात जाते, डोळे चुरचुरतात, आणि सोबतची माणसं केव्हाच चहाला गेलेली असतात. हे काम ‘सोमवारी पगारी लोक करतील’ म्हणून टाकून देण्याची सवय लागली की सोमवारी येणाऱ्या माणसाच्या मनात अढी बसते, आणि ती काढणं फार अवघड असतं. आमच्याकडे ज्याने इंजिन चालवलं त्यानेच ते निववायचं. त्याला अपवाद नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सणासुदीच्या खास गाड्या, नवं दुरुस्त झालेलं इंजिन, पाहुणे येणार असतील ती फेरी, हे सगळं पगारी ड्रायव्हरकडे गेलं आणि स्वयंसेवकाच्या वाट्याला कुंपणाची रंगरंगोटीच आली, तर तो पुढच्या वर्षी दिसत नाही. मोसमाच्या आधीच मानाच्या फेऱ्या दोन्हीकडे वाटून टाकाव्यात आणि ती वाटणी सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावावी.

४. स्वयंसेवक फुकट मिळत नाही

समितीच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच, ‘त्यापेक्षा स्वयंसेवकांकडून करून घेऊ, पैसे वाचतील.’ पैसे वाचतात, पण एवढे नाही. नवा माणूस आला की त्याला रुळांजवळ वावरण्याचे नियम शिकवावे लागतात, त्याची परीक्षा घ्यावी लागते, बूट-जाकीट द्यावं लागतं. साफसफाईपासून फायरमनपर्यंत आणि फायरमनपासून ड्रायव्हरपर्यंत जायला वर्षं लागतात, आणि त्या सगळ्या काळात त्याच्या शेजारी कुणीतरी जाणकार उभा असावा लागतो. म्हणजे शिकवणाऱ्याचा वेळही धरायला हवा.

पैशाचा आणखी एक नाजूक मुद्दा आहे. ब्रिटनच्या किमान वेतनाच्या कायद्यात धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवकाला प्रवासाचा आणि जेवणाचा प्रत्यक्ष झालेला खर्च देता येतो. पण ‘खुशाली’ म्हणून ठरावीक रक्कम दर खेपेला हातात ठेवायला लागलो, तर तो कायद्याच्या नजरेत कामगार ठरू शकतो. म्हणून बिल घ्यावं, तेवढेच पैसे द्यावेत. मान द्यायला मात्र हात आखडू नये.

५. रोस्टरमध्ये लवकर मिळालेला ‘नाही’ हा मोठा उपकार असतो

रोस्टर लावणाऱ्याला नकाराचा त्रास होत नाही. ‘बघतो, जमवतो’ याचा मात्र होतो. स्वयंसेवकाला घर आहे, नोकरी आहे, नातवंडं आहेत. तो येऊ शकला नाही यात गैर काहीच नाही. पण आदल्या रात्री कळलं तर पहाटे इंजिन पेटवायला कुणाला उठवायचं? थंड इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागतात, म्हणून हे काम अंधारातच सुरू होतं. अशा वेळी हक्काचा पगारी माणूस उठवला जातो. एकदा झालं तर चालतं; दर महिन्याला झालं तर त्याच्या घरचे लोक रेल्वेचं नाव काढलं की तोंड फिरवतात.

म्हणून मी दोन गोष्टी पाळतो. मोसमाची यादी शक्य तितकी आधी काढतो आणि प्रत्येकाला तोंडावर विचारतो, ‘कुठल्या तारखा तुम्हाला मुळीच जमणार नाहीत?’ या प्रश्नाला लोक मोकळेपणाने उत्तर देतात. आणि बदली माणूस शोधण्याची जबाबदारी, जमेल तिथे, मोकळ्या मनाने स्वयंसेवकांच्याच गटावर सोपवतो. ते एकमेकांना फोन करतात, त्यातून ओळखी वाढतात आणि पगारी माणसाची सुट्टी शाबूत राहते.

६. पगारी माणसाचीही हौस असते, आणि त्यालाही थकवा येतो

आमच्याकडचे बरेचसे पगारी लोक आधी स्वयंसेवकच होते. बाहेर जास्त पगार मिळत असताना ते कमी पैशांत इथे राहिले, कारण जीव इथे जडला. त्यामुळेच त्यांच्याकडून जास्तीचं काम काढून घेणं सोपं जातं. सुट्टीच्या दिवशी ‘जरा येऊन जा ना’, संध्याकाळी स्वयंसेवकांची बैठक, रात्री फोन. ज्या कामात थकलेला माणूस धोका ठरतो, तिथे असं वागणं हा निष्काळजीपणा आहे. पगारी माणूस सुट्टीच्या दिवशी हौसेने इंजिनावर यायला तयार असला, तरी ते तास त्याच्या विश्रांतीच्या हिशेबात धरलेच पाहिजेत. आणि त्याच्या पगाराबद्दल ‘आम्ही तर फुकट करतो’ असं कुणी बोललं, तर तिथल्या तिथे थांबवावं. त्याने आपली रोजीरोटी या रेल्वेवर सोपवली आहे; ते धाडस लहान नाही.

७. शनिवारी शेडमध्ये कुणी मालक नसतो

या रेल्वेंची रचना सहसा अशी असते की सभासद संचालक निवडून देतात आणि संचालक पगारी व्यवस्थापक नेमतात. तोच संचालक शनिवारी डगला चढवून फायरमन म्हणून येतो, म्हणजे आपणच नेमलेल्या माणसाच्या हाताखाली काम करतो. इथे गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. आमची रीत स्पष्ट आहे: डगला अंगावर असेपर्यंत संचालकपद शेडबाहेर. तक्रार असेल तर सोमवारी, लेखी, ठरलेल्या वाटेने. आणि समितीचा कुठलाही मोठा निर्णय, मग तो भाडेवाढीचा असो की गाड्या कमी करण्याचा, दोन्हीकडच्या लोकांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत कळला पाहिजे. एका बाजूला आधी कळलं की दुसऱ्या बाजूला चहाच्या टेबलावर अफवा शिजते.

८. एका पायावर उभी राहिलेली रेल्वे पहिल्या धक्क्याला डगमगते

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत हे सगळ्यांनी पाहिलं. सरकारी मदतीवर घरी बसवलेल्या पगारी लोकांना नियमाप्रमाणे आपल्या रेल्वेसाठी काम करता येत नव्हतं. स्वयंसेवकांतले कित्येक सत्तरीच्या पुढचे; त्यांना घराबाहेर पडणंच जोखमीचं होतं. गाड्या बंद, तिकिटं बंद. आणि इंजिनं, डबे, पूल यांना मात्र देखभाल लागतच होती. त्याआधी जून २००७ च्या पुरात सेव्हर्न व्हॅलीचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, तेव्हा तो उभा करायला ठेकेदारांपासून देणगीदारांपर्यंत सगळ्यांचे हात लागले. चांगल्या दिवसांत ज्यांनी पगारी-बिनपगारी अशा भिंती घातल्या नाहीत, त्यांना वाईट दिवसांत कुणाला हाक मारायची हे शोधावं लागत नाही.

आपल्याकडची माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून नेरळहून चढते आहे. ती मध्य रेल्वेच्या पगारी कर्मचाऱ्यांवर चालते, आणि त्यामुळे तिथे हा प्रश्न याच रूपात येत नाही. महाराष्ट्रात तो वेगळ्या जागी आहे: गडांवर. दर रविवारी शेकडो तरुण टाकी उपसायला, तटावरची झाडं काढायला गड चढतात, आणि तिथे पुरातत्त्व खात्याची पगारी माणसं, परवानग्या, नियम असतात. २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले; आता ही हौशी आणि पगारी माणसं आणखी जास्त वेळा समोरासमोर येणार. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तटाचा दगड हलवण्याचा निर्णय ज्याला त्यातलं कळतं आणि ज्याच्यावर त्याची जबाबदारी आहे, त्याचाच राहू द्या. रोज व्हायलाच हवं त्या कामासाठी पगारी माणूस मागा, आणि तो मिळाल्यावर त्याचा मान राखा. खात्यातल्या माणसानेही रविवारी आलेल्या पोरांना काम दाखवावं, त्यामागचं कारण समजावून सांगावं, आणि जाताना नावानिशी आभार मानावेत. वारसा दोघांचाही आहे, आणि तो टिकवायला दोघेही कमीच पडतात.